श्रीपालअण्णांचं न सांडलेलं रक्त

श्रीपालअण्णा मगदुमांचं स्वतःबद्दलचं मत फारसं चांगलं नाही, आणि हे मत त्यांनी दुसऱ्या कुणाकडून उसनं आणलेलं नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचं शेतीच्या पाइप-मोटारींचं दुकान आहे. ठिबक सिंचनाचं सामान घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला चहा सांगून झाला, की अण्णा आपणहून सुरू होतात.

"आमच्या घराण्यात पंडित झाले, त्यागी झाले. एक काका तर जन्मभर मीठ सोडून बसलेवते. आन् त्याच घराण्यात मी झालो बघा, पावणं. कर्माला बी कधीतरी डुलकी लागत असंल."

गिऱ्हाईक हसतं. अण्णाही हसतात, आणि हसता हसता शर्टाच्या खिशावर हात ठेवून गोळ्यांची डबी जागेवर आहे ना, ते चाचपतात.

अण्णांचा सगळा घोटाळा जिभेचा. बोलायच्या नव्हे, खायच्या. लहानपणी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचा घरचा नियम. सगळी भावंडं शांतपणे जेवून उठायची आणि हा एकटा, अंधार पडेपर्यंत जेवढं आत जाईल तेवढं ढकलत बसायचा. वडील म्हणायचे, "हे पोरगं रात्रीचा उपास न्हाय करत, रात्रीची साठवण करतंय." पुढं लग्न झालं, दुकान लागलं, पोट पुढं आलं, केस मागं गेले, पण ती साठवण काही थांबली नाही. त्यात गाव कोल्हापूर. इथं सकाळी दुकान उघडायला निघालेल्या माणसाच्या नाकात कांद्या-खोबऱ्याच्या फोडणीचा वास शिरल्याशिवाय राहत नाही, आणि अण्णांचं नाक वडिलोपार्जित मालमत्तेतलं असल्यासारखं भलंमोठं.

त्यांची बायको अक्काताई नेमकी उलट. अष्टमीचा उपवास, तोही निर्जळी. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. कुरकूर नाही, मिरवणं नाही. अण्णा तिला घाबरत, पण ती कडक होती म्हणून नव्हे. तिला जे सांगाल ते ती खरं मानायची, म्हणून. कडक बायकोशी खोटं बोलण्यात माणसाला निदान थोडी मर्दुमकी तरी वाटते. अक्काताईशी खोटं बोलणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या उशाखालून काही काढून घेण्यासारखं होतं. अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी ते काढून घेत.

नऊएक वर्षांमागं कोल्हापुरात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. प्रवचन संपताना महाराजांनी विचारलं, जन्मभरासाठी कंदमुळं सोडायला आणि दर चतुर्दशीचा उपवास धरायला कोण कोण तयार आहे? मंडपात हातांचं रान उगवलं. अण्णांनी बायकांच्या बाजूला पाहिलं, तर अक्काताई त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही विश्वास होता, की अण्णांचा हात आपोआप वर गेला. "हात वर गेला तवा मी खाली बसलेलोच हुतो," असं ते आता सांगतात. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, सगळं एका हातासरशी गेलं. महाराजांनी आशीर्वाद दिला, आणि अण्णांना तिथल्या तिथं कांदाभजी आठवली.

महिना कसाबसा निघाला. मग एक दिवस कागलला माल उतरवून परत येताना त्यांनी टेम्पो हायवेवरच्या एका गाड्यापाशी थांबवायला लावला. टेम्पो चालवत होता बाबालाल जमादार; मुरगूडचा माणूस, दुकानात नोकरीला लागल्याला जमाना झालेला. गाड्यावर कटलेट तळत होते. लालभडक, कडेनं कुरकुरीत. अण्णांनी विचारलं नाही आत काय आहे. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर खाता आलं नसतं, इतका हिशेब त्यांना येत होता. पण पहिल्या घासालाच कळलं. बीट. उकडून, किसून, मसाल्यात घातलेलं गोडसर बीट. त्यांनी ती प्लेट संपवली, दुसरी मागवली, आणि मग बाबालालला त्याच्या पोराबाळांची शपथ घातली.

बाबालाल कडक रोजे धरणारा. तो नुसतं म्हणाला, "मालक, मी कशाला बोलतोय? तुमचं तोंड, तुमचा नेम."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा संडासातून किंचाळले. अक्काताई धावली, आणि तिनंही डोळ्यांनी पाहिलं. लालेलाल. "रक्त!" म्हणून तिनं भिंतीला हात लावला आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली. अण्णा त्या क्षणापर्यंत प्रामाणिक होते, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. त्यांनाही ते रक्तच वाटलं होतं. पोटात काहीतरी फुटलं, आता आपण संपलो, अशी त्यांची खात्री झाली होती. मग, बायको रडत असताना, हळूच त्यांना कालचं कटलेट आठवलं.

तिथं एक वाक्य बोलायचं होतं. रक्त नाही गं, बीट आहे. पण ते वाक्य बोलायला जे काही लागतं ते मगदूम घराण्यात बाकी सगळ्यांना वाटून संपलं होतं. नेम मोडला, तोही महिन्याभरात, आणि संडासातल्या रंगावरून पकडला गेला, हे कुणाला सांगायचं? अण्णांनी पोटावर हात धरला आणि कण्हले.

एकदा कण्हल्यावर पुढचं आपसूक होत गेलं. ते एकट्या बाबालालला घेऊन मिरजेला "मोठ्या डॉक्टरकडं" जाऊन आले. म्हणजे मिरजेला गेले, नात्यातल्या एका लग्नाची पत्रिका दिली, आणि पित्तावरच्या गुलाबी औषधाची बाटली घेऊन परतले. आतड्याला जखम आहे, रक्त पडतं, पोट रिकामं ठेवायचं नाही, उपवास तर अजिबात नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच्याच तोंडानं वाचून दाखवला. दुर्बिणीनं तपासायचं राहिलं का, असं मुलगा अनेकांतनं पुण्याहून फोनवर विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "दुर्बीण आत घातली तर जखम वाढत्या, असं डॉक्टर म्हणालेत." इंजिनियर झालेला मुलगा, पण बापावर विश्वास. तोही आईवरच गेलेला.

राहता राहिला चतुर्दशीचा नेम. घेतलेला नेम मोडणं म्हणजे पाप, आणि ते नवऱ्याच्या माथी नको, म्हणून अक्काताई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेली आणि देवासमोर सांगून आली. घरी येऊन तिनं, तिकडच्या बायका 'करते'ला 'करतो' म्हणतात त्या बोलीत, अण्णांना इतकंच म्हटलं, "तुमची चतुर्दशी आता मी करतो. तुम्ही पोटाला जपा."

तेव्हापासून दर चतुर्दशीला अक्काताई पाण्याविना राहायची आणि अण्णांच्या पुढ्यात ताट वाढायची. जखमेला त्रास नको म्हणून तूप जास्त, तिखट कमी. अण्णांना पहिल्या पहिल्यांदा घशात टोचायचं. पण तूप भरपूर असल्यामुळे ते टोचणंही खाली उतरायचं. वर्षं गेली. पुढं तर अण्णांना कधीकधी खरोखरच पोटात दुखल्यासारखं वाटे, आणि ते मनापासून गुलाबी औषध घेत.

अनंत चतुर्दशीला अक्काताई दरवर्षी गारगोटीकडच्या आपल्या माहेरी, तिथल्या बस्तीतल्या अभिषेकाला जायची. जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा उपवास. गेल्या वर्षीही बाबालालनं गाडी काढली आणि तिघं पहाटे निघाले, कारण नंतर कोल्हापुरात गणपती विसर्जनाच्या मिरवणुका सुरू झाल्या की रस्ता म्हणजे नुसती माणसं. बस्तीत पंडितांचा आवाज लागला, अक्काताई डोळे मिटून बसली, आणि अण्णा बाबालालला खुणावून म्हणाले, "चल गा, जरा पाय मोकळे करू."

पाय एस.टी. स्टँडसमोरच्या कटवड्याच्या गाड्यावर जाऊन मोकळे झाले. ताटलीत बटाटावडा, वर लालबुंद कट, त्यावर कच्चा कांदा. नेमातलं एकही कंदमूळ रुसायला नको, अशी सोय. बाबालालनं फक्त चहा घेतला. "मालक," तो म्हणाला, "आमच्यात बी आजारी माणसाला रोजा माफ हाय. पण खोट्या आजाऱ्याला न्हाय."

"तू गप चहा पी," अण्णा म्हणाले, आणि दुसरा वडा मोडला.

तो वडा मात्र तसाच राहिला. छातीवर कुणीतरी मोटारीचं खोकं ठेवल्यासारखं झालं. अण्णांना वाटलं, कट जहाल आहे. मग डावा हात जड झाला, मानेतून कळ जबड्यात गेली, आणि भादव्यातल्या गार हवेत त्यांचा सदरा घामानं भिजला. "मालक, तुमचा रंग गेलाय," असं म्हणून बाबालालनं त्यांना अक्षरशः उचललं आणि जवळच्याच एका लहान हॉस्पिटलात नेलं. वाटेतही अण्णांनी बाबालालच्या रुमालानं तोंडाचा कट पुसून घेतला.

तिथली डॉक्टर तरुण होती. सना मुजावर. तिनं छातीला वायरी लावून ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली, त्या पट्टीचा फोटो कोल्हापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला, एक-दोन गोळ्या चावायला दिल्या आणि स्टूल ओढून अण्णांच्या शेजारी बसली. तोवर बाबालालचा निरोप मिळून अक्काताईही बस्तीतून तशीच, अनवाणी, येऊन पोचली होती.

"काका, हार्ट ॲटॅक आहे. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे. एरवी तुम्हाला सरळ कोल्हापूरला पाठवलं असतं, पण आज विसर्जन. ॲम्ब्युलन्स आत कधी पोचेल सांगता येत नाही, आणि जितका उशीर तितका हृदयाचा तुकडा मरत जाणार. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन माझ्याकडे आहे. ते इथंच देते, मग पुढे पाठवते. तुमचा व्यवसाय काय?"

"ठिबकचं सामान," अण्णा कण्हत म्हणाले.

"मग तर तुम्हाला लगेच कळेल. नळीत क्षार धरले की काय करता?"

"ॲसिड सोडतो."

"तसंच हे. फक्त एक आहे. हे औषध एकाच जागी जाऊन काम करत नाही. सगळ्या अंगातून फिरतं. कुठं जखम असेल, कुठं रक्त पडत असेल, तर तिथं धरलेली खपलीही विरघळते आणि मग ते रक्त थांबवता थांबत नाही. म्हणून विचारते, नीट आठवून सांगा. डोक्याला मार? अलीकडं ऑपरेशन? अर्धांगवायू कधी?"

अण्णा तिन्ही वेळा नाही म्हणाले.

"पोटातून कधी रक्त गेलंय?"

"व्हय," अक्काताई म्हणाली.

अण्णा आता सांगतात, की दुखणं त्या वेळेपर्यंत फक्त छातीत होतं, तिथून पुढं ते सगळीकडं पसरलं.

अक्काताईनं सगळं सांगितलं. आतड्याला जखम आहे, आठ वर्षं झाली. मी डोळ्यांनी बघितलंय, लालभडक. मिरजेचे डॉक्टर, गुलाबी औषध, उपवास बंद. "मधनं मधनं अजून पडतंय असं म्हणत्यात ते, पण मला दाखवत न्हाईत. मी घाबरतो म्हणून." डॉक्टरनं हातातली बाटली परत ट्रेमध्ये ठेवली. ती बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागली. "ब्लीडिंग अल्सर," असं तिनं म्हटलेलं अण्णांना ऐकू आलं. आपल्या कर्तबगारीला इंग्रजीत इतकं भारदस्त नाव आहे, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

एका बाजूला मरण आणि एका बाजूला बीट. शहाण्या माणसानं क्षणभरही विचार करायला नको. अण्णांनी चांगला वेळ विचार केला. त्यांना असंही वाटून गेलं, की आत्ता गेलो तर तसं बरं होईल. बस्तीत लोक म्हणतील, बिचाऱ्यानं आठ वर्षं आतड्याची जखम सोसली, कधी तक्रार नाही, आणि गेला तोही अनंत चतुर्दशीला. केवढं पुण्य! उलट वाचलो, तर लोक म्हणतील, बीट. छातीवरचं खोकं जड होत होतं आणि हा माणूस श्रद्धांजलीच्या सभेत कोण कोण बोलेल ते बघत होता.

डॉक्टर आत आली. "मावशी, अवघड आहे. इंजेक्शन दिलं आणि पोटात रक्त सुटलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही. न देता पाठवलं, तर वाटेत काय होईल सांगता येत नाही."

अक्काताई पुढं झाली. तिनं साडीचा पदर खांद्यावर सारला आणि आपला हात डॉक्टरसमोर सरळ धरला. "माझं घ्या की रक्त. जेवढं लागंल तेवढं घ्या. त्येंचं पडंल तसं माझं भरत ऱ्हावा. पन ते इंजिक्शन द्या."

तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि तो उपवासही तिचा नव्हता. चतुर्दशी अण्णांची होती. त्यांच्या नावचा उपवास धरलेली बाई, त्यांच्या कधीच न सांडलेल्या रक्तासाठी स्वतःचं रक्त द्यायला हात पुढं करून उभी होती. अण्णांना रडू आलं. छातीतल्या कळेपेक्षा ते वाईट होतं, कारण त्याला दुसऱ्या कुणाचा दोष देता येत नव्हता.

"रक्त न्हाय पडलं!" ते ओरडले. "कधीच न्हाय पडलं. बीट हुतं ते!"

अक्काताई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत डॉक्टरला म्हणाली, "भ्यालेत हो ते. इंजिक्शन मिळावं म्हणून बोलायलेत. बीट आमच्या घरात येतच न्हाय. नेम हाय त्येंचा."

"मी खाल्लं हुतं! कागलच्या रस्त्यावर!"

"बघा," अक्काताई डोळे पुसत म्हणाली. "डोस्क्यात गेलं वाटतं."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि ते कुणी ऐकून घेईना, असं अण्णा यावर सांगतात. डॉक्टरही त्यांच्याकडं संशयानंच बघत होती. जीव वाचवण्यासाठी माणसं काहीही बोलतात, हे तिनं पाहिलेलं असणार.

"बाबालाल!" अण्णा जेवढा आवाज उरला होता तेवढ्यानं ओरडले. बाबालाल दारातच होता. "सांग गा ह्यांना. कटलेटचं सांग."

बाबालालनं वर पंख्याकडं पाहिलं. "मालक, तुम्ही शपथ घातलीया."

"सोडली शपथ! मरायलोय मी!"

मग बाबालाल बोलला. अण्णांना त्याच्याकडून फक्त बीट हवं होतं. पण मालकाचा जीव आपल्या खरं बोलण्यावर आहे, एवढंच बाबालालला कळलं होतं, आणि त्यानं काहीही शिल्लक ठेवलं नाही. कागलचं कटलेट सांगितलं. मिरजेला डॉक्टर नव्हता, पत्रिका होती, हे सांगितलं. मुरगूडच्या बाजारातली कांदाभजी सांगितली, अंबाबाईच्या देवळामागची मिसळ सांगितली, पावसाळ्यातली बटाटाभजी, लसणाची चटणी, आणि गेल्या दशलक्षणात टेम्पोच्या मागच्या हौद्यात पाइपांच्या आडोशाला बसून खाल्लेला रगडाही सांगितला. "आन् आता बी," तो शेवटी म्हणाला, "कटवडा खातानाच छातीत आलंय. दुसरा वडा अर्धा ऱ्हायलाय तिथं."

"एवढं तिखट खाऊन पोटात कधी दुखलं?" डॉक्टरनं विचारलं.

"पोट?" बाबालाल म्हणाला. "दगड पचवंल, म्याडम."

डॉक्टरनं काळी शी झाली का, कधी चक्कर आली का, असं बरंच काही विचारून घेतलं. बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. ते एखाद्या पैलवानाला शोभेल असं भरलेलं निघालं. मग तिनं कोल्हापूरला पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोनमधून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. "द्या, द्या," असं कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी बायकोकडं पाहिलं नाही. पाहायची छाती नव्हती. होती ती बंद पडायला आलेली. अक्काताई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टरनं तिच्यापुढं सहीचा कागद धरला. तिनं सही केली आणि एकच शब्द बोलली, "द्या."

इंजेक्शन एवढंसं होतं. ज्याच्यापायी आठ वर्षांची अब्रू गेली ते औषध निदान बादलीभर तरी असावं, अशी अण्णांची अपेक्षा होती. डॉक्टरनं ते हळूच शिरेत सोडलं आणि पडद्यावरच्या रेघेकडं बघत राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग रेघ एकदम वेडीवाकडी नाचायला लागली, डॉक्टर झटकन उठली, आणि अण्णांनी मनातल्या मनात णमोकार मंत्र सुरू केला. तो संपायच्या आत छातीवरचं खोकं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं. "सुटली वाटतं," डॉक्टर म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

थोड्या वेळानं अण्णांना तोंडात खारट लागलं. त्यांनी ओठ पुसला तर बोटाला लाल. या औषधानं हिरड्यांतून थोडं रक्त येतं, घाबरायचं नाही, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. पण अक्काताई त्या बोटाकडं टक लावून बघत होती.

"हे खरं हाय गं," अण्णा म्हणाले.



मिरवणुका ओसरल्यावर त्यांना कोल्हापूरला हलवलं, तिथं नळीत जाळी बसवली, आणि खिशात कायमची गोळ्यांची डबी आली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, रोज सकाळी नाश्त्यानंतर. एकही चुकवायची नाही आणि उपवास धरायचा नाही. अण्णांनी दोनदा विचारून घेतलं. आठ वर्षं जो निकाल ते खोटा वाचत आले तो आता खऱ्या डॉक्टरच्या सहीशिक्क्यानं त्यांच्या हातात पडला होता.

घरी आल्यावर अक्काताई सगळं करत होती. ताट, पाणी, गोळ्या. बोलत मात्र नव्हती. अनेकांत आला, बापाला भेटला, बाबालालकडून सगळं ऐकून दुकानात जाऊन एकटाच हसला, आणि परत गेला. बस्तीत बातमी पोचली होती. अण्णांना त्याचं काही वाटत नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. वाटत होतं ते फक्त तिच्या गप्प राहण्याचं.

एका दुपारी ती भाजी निवडत बसली असताना अचानक म्हणाली, "कसं लागतंय वो बीट?"

अण्णा चपापले. "गोड," ते म्हणाले. "जरा मातीवानी. काय लई न्हाय त्यात."

तिनं शेंग मोडली. "तुम्ही बीट खाल्लासा, त्याचं मला काय न्हाय. जीभ हाय, खाईल. नेम मोडलासा त्याचं बी तुमचं तुम्ही बघा. पन मी भिंतीला टेकून रडत हुतो, आन् तुम्ही बघत ऱ्हायलासा."

दुकानात ही गोष्ट सांगताना अण्णा इथं नेहमी थांबतात आणि गिऱ्हाइकाला विनाकारण पाइपांचे भाव सांगायला लागतात.

मग चतुर्दशी आली. सकाळी अक्काताईनं अण्णांच्या पुढ्यात उपम्याची ताटली ठेवली, शेजारी गोळ्या मांडल्या, आणि नेहमीसारखी समोर रिकाम्या हातानं बसली. अण्णांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"तू धरलास उपास?"

"व्हय."

"माझा?"

"व्हय की."

"अगं, आता कशाला? सोड आता. माझा आजारच खोटा हुता."

"तवा खोटा हुता," अक्काताई म्हणाली. "आता खरा हाय न्हवं?"

ती रागानं म्हणाली नाही. लाडानंही नाही. दूधवाला आला होता का, असं विचारावं तशी म्हणाली, आणि ताटली थोडी त्यांच्या बाजूला सरकवली. उपाशीपोटी गोळी चालत नव्हती. खायलाच हवं होतं. आठ वर्षं चोरून खाताना ज्याचा घास कधी अडला नाही, त्या माणसाला आता हक्कानं, डॉक्टरच्या हुकमानं, बायकोच्या समोर बसून खायचं होतं. अण्णांनी घास उचलला, तोंडात घातला, चावला. तो काही केल्या उतरेना. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला.

अक्काताई उठली. तिनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ज्याला ती शिवणार नव्हती ते पाणी, आणि तांब्या त्यांच्या ओठांजवळ धरला.

"सावकाश," ती म्हणाली. "पाणी प्या."